थिजण्याचं गणित

थंडीच्या दिवसांत तुपाच्या बरणीत डोकावून पाहा. तूप आधी बरणीच्या कडेने थिजतं, मधलं सर्वांत शेवटी. आणि थिजून झालं की मधोमध एक खळगा पडलेला दिसतो. कडेचं तूप थिजताना आक्रसतं, त्याची तूट मधलं पातळ तूप भरून काढतं. शेवटी मधल्या तुपाची तूट भरायला मात्र कुणी उरत नाही. तो खळगा म्हणजे फेडायची राहिलेली उधारीच.

धातूचंही असंच आहे. ॲल्युमिनियम गोठताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आक्रसतं. फरक इतकाच, की तुपाचा खळगा वरून दिसतो. धातूचा पुष्कळदा पोटात राहतो. बाहेरून गुळगुळीत दिसणारा असा पोकळ भाग गाडीच्या चाकापाशी बसला, तर ती उधारी कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते. म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये साच्याला जोडून ‘रायझर’ ठेवतात. रायझर म्हणजे जादा धातूचा साठा. तो सर्वांत शेवटी गोठावा आणि तोवर मूळ वस्तूला पातळ धातू पुरवत राहावा, अशी योजना असते.

पण रायझर केवढा ठेवायचा आणि कुठे? १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली. ती ओतणाऱ्या कारागिरांपाशी समीकरण नव्हतं, अनुभव होता. अनुभव मोलाचा खरा, पण तो बिघडलेल्या वस्तूंच्या ढिगावर उभा राहतो. धातू ओतण्याआधीच उत्तर मिळालं तर भट्टीचं इंधन वाचेल, श्रम वाचतील. गणिताकडे वळायचं ते यासाठी.

पदार्थ गोठताना उष्णता बाहेर टाकतो. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम पाण्याचा बर्फ व्हायचा, तर ८० कॅलरी उष्णता निघून जावी लागते. ही उष्णता आधी झालेल्या बर्फातूनच बाहेर पडते. म्हणून बर्फ जितका जाड, तितकी त्याची वाढ मंद. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ जोसेफ स्टीफन यांनी १८८९ साली ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाच्या नोंदी घेऊन हे गणित मांडलं. हवेची थंडी कायम राहिली, तर बर्फाची जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. यातली खरी अडचण अशी, की घन आणि द्रव यांमधली सीमा सतत सरकत असते आणि ती कुठे आहे हेच आपल्याला शोधायचं असतं. शेताचं क्षेत्रफळ काढायला जावं आणि बांधच चालू लागावा, तसं हे!

बरं, इतकं करून स्टीफन यांच्या गणितातलं पाणी स्तब्ध होतं. साच्यातला धातू स्तब्ध नसतो. ओतल्याचा वेग त्यात असतो, गरम धातू वर चढतो, थंड खाली उतरतो. शिवाय मिश्रधातू एकदम गोठत नाही. प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची पेप्सी चोखताना मुलं गोड पाक आधी ओढून घेतात, मागे फिकट बर्फ उरतो. गोठताना बर्फाने साखर बाहेर ढकललेली असते. मिश्रधातूतही असंच काही घटक बाहेर ढकलले जातात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि भलत्याच ठिकाणी साठतात. मग एकाच वस्तूचा एक भाग कणखर आणि दुसरा ठिसूळ निघू शकतो. म्हणजे प्रवाहाचा हिशेब सोडून चालणार नाही.

यावर १९८७ साली व्होलर आणि प्रकाश या संशोधकांनी एक सुटसुटीत रीत मांडली. पूर्ण घन आणि पूर्ण द्रव यांच्या मधे लापशीसारखा एक पट्टा असतो. त्याला त्यांनी स्पंज मानलं. द्रव जसा कमी होतो, तशी स्पंजाची छिद्रं बुजत जातात, प्रवाहाला अडथळा वाढतो आणि पूर्ण घन झाल्यावर वेग आपोआप शून्यावर येतो. साऱ्या साच्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकात किती उष्णता आली आणि किती गेली याची वही ठेवायची. सीमेचा पाठलाग करायलाच नको. वही पाहिली की ती कुठे आहे ते कळतं.

आता इथे एक सावधगिरी हवी. गॅलियम हा धातू २९.८ अंशांना, म्हणजे आपल्या तळहातावरही वितळतो. १९८६ साली त्याच्या वितळण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वितळणं म्हणजे उलट्या दिशेने हेच गणित. त्या प्रयोगावर अनेकांनी आपापली गणितं घासून पाहिली. काहींना पातळ धातूत एकच मोठा भोवरा दिसला, काहींना अनेक लहान भोवरे. वाद बरीच वर्षं चालला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौकोन खूप बारीक करून पाहिले, तेव्हा त्या द्विमितीय गणितात अनेक भोवरे निघाले. एकच भोवरा ही जाड्या चौकोनांची करामत होती. समीकरणं तीच, फक्त मोजणी ढोबळ, आणि चित्र मात्र दोन्हींचं सारखंच सुबक!

आज अशी गणितं करणारे संगणक फौंड्रीच्या कचेरीत आले आहेत. पडद्यावर लाल, पिवळा, निळा धातू गोठताना दिसतो आणि पाहणारा भुलतो. त्या चित्राला तीन प्रश्न विचारावेत. चौकोन आणखी बारीक केले तर उत्तर तेच राहतं का? स्पंजाच्या अडथळ्याचा आकडा कशावरून धरला? आणि ओतलेला एखादा जॉब कापून आतून पाहिला का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भट्टीपाशी उभा असलेला माणूसच देऊ शकतो. गणित त्याची जागा घेत नाही. कुठे कापून पाहायचं, ते त्याला सांगतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)