चित्राखाली नाव कोणाचे?

रायपूरच्या तात्यापारा भागातील आमच्या घरी नात सुट्टीला आली की जेवणाचे मेज तिच्या ताब्यात जाते. यंदा त्यावर संगणक होता, विजेची लेखणी असलेली चित्र काढण्याची पाटी होती आणि एका संस्थेने दिलेले काम होते. सरगुजा जिल्ह्यातील एका गोदना कलावतीने कागदावर काढलेले रेखाटन संगणकावर रंगवून, सार्वजनिक जागेतील मोठ्या फलकासाठी सिद्ध करून द्यायचे, एवढेच त्या कामाचे वर्णन.

गोदना म्हणजे अंगावर गोंदण्याची नक्षी. सरगुज्यातील स्त्रियांनी ती कातडीवरून कापडावर आणि पुढे कागदावर आणली. मूळचा काळा रंग तेथे अनेक रंगांना वाट देतो, पण रेघेचा स्वभाव मात्र सुईचाच राहतो.

मी निवृत्त माणूस. शेजारी खुर्ची टाकून पाहत बसलो. संस्थेने प्रथम भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र पाठवले होते. एका कोपऱ्यात हाताची सावली पडलेली, कडा तिरक्या. नातीने ते परत केले आणि इंचाला 300 बिंदू या हिशेबाने स्कॅन मागवले. ए-फोर कागद असा स्कॅन केला की 2480 बाय 3508 बिंदूंची प्रतिमा मिळते. ती दहापट मोठी केली तर इंचाला 30 बिंदू उरतात. दुरून पाहायच्या फलकाला ते चालते, हातात धरायच्या छापील पानाला नाही. नंतर कागदाचा पिवळसरपणा उडवून शाई गडद केली आणि रेखाटनाचा थर ‘मल्टिप्लाय’ या पद्धतीवर ठेवला. त्यामुळे कागदाचा पांढरा भाग जणू काच होतो आणि फक्त रेघा उरतात. त्यांच्या खालच्या थरात सपाट रंग, त्यावर छाया, मग उजेड. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरात, म्हणजे मोराचा निळा बदलला तरी झाडाच्या हिरव्याला धक्का लागत नाही.

एका ठिकाणी मात्र ती थांबली. हाताचा कंप आपोआप काढून रेघ गुळगुळीत करण्याची सोय त्या प्रणालीत असते. संस्थेची सूचना होती की रेघा ‘स्वच्छ’ कराव्यात. नातीने ती सोय बंद ठेवली. ‘‘आजोबा, कंप काढला तर हे कोणाचेही चित्र होईल,’’ ती म्हणाली.

मी सहज विचारले, ‘‘मग आता हे कोणाचे आहे?’’ तिने कामाचा कागद पुढे केला. त्यात रचनाकाराच्या नावाचा रकाना होता, संस्थेच्या नावाचा होता, फलक छापणाऱ्याचाही होता. सरगुज्यातील त्या बाईंचे रेखाटन ‘संदर्भ साहित्य’ या सदरात होते, नावाशिवाय.

यावर मी काही बोललो नाही, कारण त्या प्रकारचा नमुना मला परिचित होता. सेवेत असताना भिंतीचित्रांच्या एका निविदेची टिपणी मी स्वतः मंजुरीसाठी ठेवली होती. दर चौरस फुटाचा होता. सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला काम, हा नियम आम्हाला स्वच्छ आणि निर्दोष वाटे. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येत नाही. पण मूळ रेखाटन असते एका कागदाएवढे. त्याचे चौरस फूट किती भरणार? आमच्या गणितात ते जवळपास शून्य होते, आणि शून्यासमोर कोणी नाव लिहीत नाही. त्या फायलीवरील माझी सही आजही कुठल्यातरी कपाटात असेल.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला पुणे दरबाराचे एक चित्र आठवले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1790 मध्ये पेशव्यांच्या दरबारात तह करीत असल्याचे हे विशाल तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते थॉमस डॅनियलने 1805 मध्ये पूर्ण केले. त्या तहाच्या वेळी डॅनियल दरबारात नव्हता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला तो त्यानंतर. त्याने माणसांची आणि दरबाराची रेखाटने जमवली, पण 1795 मध्ये तो वारला आणि ती डॅनियलच्या हाती गेली. या वेल्सच्या बरोबर आणि मॅलेटच्या पदरी काम करणारा एक पुणेकर होता, गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेरूळची लेणी कागदावर उतरवली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडाही काढला. वेरूळवरील सचित्र ग्रंथ 1803 मध्ये निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सच्या रेखाटनांचा उल्लेख होता आणि डॅनियलच्या देखरेखीचाही. एक पायरी खाली उभ्या असलेल्या गंगारामला तेथे जागा नव्हती. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि संशोधकांनी कागद धुंडाळले म्हणून आपल्याला त्याचे नाव ठाऊक आहे.

त्या काळी कायदा नव्हता, असे म्हणून गंगारामचा प्रश्न मिटवता येतो. सरगुज्यातील बाईंचा येत नाही. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात रेखाटन ही कलाकृती आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. हक्क निर्मितीबरोबर जन्मतो आणि नोंदणी सक्तीची नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही पुनरुत्पादनात धरले जाते, म्हणजे स्कॅन करणे हीच पहिली परवानगी मागण्याची जागा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर फक्त भारत मानले जाते. शासनाच्या निर्देशाने तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, शासन असते, हे खरे. पण घरी बसून स्वतःच्या मनाने आधीच काढून ठेवलेल्या कागदाला ते कलम कसे लागणार? आणि परंपरागत नक्षी कोणा एकाची नसली, तरी त्या कागदावरील मांडणी त्या एका हाताची आहे. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते समूहाच्या नावाचे रक्षण करते, एका बाईच्या रेघेचे नाही.

हक्क विकला तरी कृतीशी जोडलेले नाव टिकवण्याचा अधिकार कलम 57 प्रमाणे कर्त्याकडेच राहतो. हे आमच्या कार्यालयांना ठाऊक असायला हवे होते, कारण धडा सरकारलाच मिळाला होता. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले. त्यांनी दावा लढवला. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सव्वीस वर्षे लागली, आणि सहगल नामांकित होते.

उपाय फार खर्चिक नाहीत. निविदेत मूळ रेखाटनाची वेगळी बाब आणि वेगळी रक्कम असावी, जी निविदाकाराला कमी करता येणार नाही. फलकावर दोन्ही नावे असावीत, कारण रंगवणाऱ्याचे श्रमही खरेच आहेत; नातीचे आठ दिवस मी पाहिले. आणि शासनाने थर शाबूत असलेली मूळ फाइल जपून ठेवावी. कोणी काय केले याचा तो पुरावा असतो. महसुली नकाशांच्या बाबतीत आम्ही पटवाऱ्याचा जुना कापडी नकाशा जपला, कारण संगणकातला नकाशा भांडणात अपुरा पडतो हे जमिनीने आम्हाला शिकवले होते. चित्रासाठी भांडायला कोणी येत नव्हते.

नातीने संस्थेला पत्र लिहून त्या बाईंचे नाव विचारून घेतले. ते आले, तेव्हा तिने सर्वांत वरच्या, रेघांच्या थराला तेच नाव दिले. काम पाठवताना फलकाखाली नाव असावे अशी विनंतीही केली. त्याला उत्तर अजून नाही. अंतिम फाइल मात्र जेपीजी स्वरूपात मागवली आहे; त्यात सगळे थर एकच होतात.