कोयती हाताच्या मापाची, पाणी लोहाराचं

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या टेकडीवर पृथ्वीगोलावर परशुराम उभा आहे. पर्यटक येतात, फोटो काढून जातात. गावात मात्र पात्याचं काम रोजचंच. माडावर चढणाऱ्याला कोयती लागते, भात कापायला विळा लागतो, बंदरावर मोठी सुरमई तोडायला जड सुरी लागते. आता ही हत्यारं बहुतेक बाजारातून तयार येतात. लोहाराला सांगून, आपल्या हाताच्या मापाची करून घ्यायची रीत मागे पडत चालली आहे, आणि तिच्याबरोबर घराच्या पडवीत भाता चालवणारा लोहारही.

तयार कोयती वाईट असते असं नाही. पण माडावर एका हाताने आधार धरून दुसऱ्या हाताने घाव घालायचा, तर वजन टोकाकडे हवं. कुंपण छाटायचं तर चोच लांब हवी. डावखुऱ्याची तर पंचाईतच. एका बाजूने धार काढलेलं पातं त्याच्या हातात वाकडंच जातं. दुकानदार हे विचारत नाही. लोहार पहिलं तेच विचारतो, "काम कसलं नि हात कुठला?"

लोखंड बहुधा भंगारातलं, जीप-ट्रकचे जुने कमानपाटे. या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणून ते कडक होतं. बांधकामाच्या साध्या पट्टीत तेवढा कर्ब नाही. तिला कितीही पाणी द्या, धार टिकायची नाही. पाट्याला जुनी बारीक चीर असेल तर तीही पात्यात उतरते, तेव्हा घेण्याआधी तो पारखून घ्यावा लागतो.

घडवणं कष्टाचं, पण खरी गोम पाणी देण्यात आहे. पातं जास्वंदीसारखं लाल झालं पाहिजे. लोहारसाळ अंधारी असते ती गरिबीने नव्हे, उन्हात हा रंग ओळखता येत नाही म्हणून. ज्याला डोळ्याचा भरवसा नाही त्याने चुंबक वापरावा. ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याच्या थोडं पुढे नेऊन पातं बुडवायचं. म्हणायचं 'पाणी', पण कमानपाट्याला तेलच बरं, गार पाण्यात तो तडकतो. एवढ्यावर काम संपत नाही. या घडीला पातं काचेसारखं ठिसूळ असतं, दगडावर पडलं तर तुकडा. म्हणून घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलकं तापवायचं. धारेवर पेंढ्यासारखा पिवळा रंग आला की थांबायचं. निळा रंग धारेपर्यंत पोचला तर धार मऊ पडली समजा. पाठीकडे निळा आला तर उलट चांगलं, पाठ चिवट राहते.

घरी विजेच्या ग्राइंडरवर धार लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ठिणग्या उडवत पातं निळं केलं की लोहाराची सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया. थोडं घासावं, पाण्यात बुडवावं, परत घासावं.

सगळं जुनंच चांगलं, असंही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला वैभव विळा हलका आहे, दातेरी आहे, भाताला बुडाशी कापतो. त्याला लोहाराच्या विळ्याने टक्कर द्यावी असा आग्रह नको. पण कोयती आणि सुरी ही हातागणिक बदलणारी हत्यारं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या तालुक्यात माड-पोफळी आडव्या झाल्या. असा पसारा आवरायला बसलं की हत्याराची मूठ हाताला बसते की नाही, ते तासाभरात कळतं.

बलुतं संपलं, लोहाराला धान्याचा वाटा राहिला नाही. रोखीवर धंदा चालवायचा तर भांडवल लागतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, १५ हजारांपर्यंत अवजारांसाठी मदत, आणि दोन टप्प्यांत १ लाख व २ लाखांचं विनातारण कर्ज, ५ टक्के व्याजाने. अर्ज सीएससी केंद्रावर भरायचा, पण पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. सरपंच-ग्रामसेवकांनी तो अर्ज टेबलावर पडू देऊ नये. एका घरातून एकालाच लाभ मिळतो, हेही लोहाराला आधी सांगावं.

शस्त्र कायद्याची भीती काहींना वाटते. नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत, पण घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तलवारीच्या घाटाचं काही मागणाऱ्याला मात्र लोहाराने सरळ वाटेला लावावं.

किनाऱ्याची खारी हवा पोलादाला गंज चढवते, तेव्हा काम झालं की पुसून खोबरेलाचा हात फिरवावा. कापणीच्या तोंडावर सगळेच लोहाराकडे धावतात, मग घाईत पाणी चुकतं. गणपती झाले की लगेच सांगून ठेवावं, आणि जाताना झिजलेली जुनी कोयती सोबत न्यावी. ती कुठे झिजली आहे ते बघून लोहाराला हात कसा चालतो ते कळतं.