घणाघाताला इतिहासात किती जागा?

२८ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारतीय संघ अडचणीत असताना ऋषभ पंतने स्कॉट बोलंडचा वेगवान चेंडू यष्टीमागे उचलून मारण्याचा प्रयत्न केला. चेंडू हवेत उंच गेला आणि डीप थर्ड मॅनवर उभ्या असलेल्या नेथन लायनच्या हातात विसावला. पंतच्या धावा २८ होत्या. समालोचन करणाऱ्या सुनील गावस्कर यांनी संतापाने ‘स्टुपिड’ हा एकच शब्द तीनदा उच्चारला. पुढे सहा महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, लीड्सच्या कसोटीत याच पंतने पहिल्या डावात १३४ धावा केल्या, तेव्हा त्याच गावस्करांनी ‘सुपर्ब’ हा शब्द तीनदा उच्चारून त्याचे कौतुक केले. दुसऱ्या डावात पंतने आणखी ११८ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारा तो झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरनंतरचा केवळ दुसरा यष्टिरक्षक ठरला.

या दोन उद्गारांमध्ये गावस्करांची विसंगती शोधण्याचे कारण नाही. दोन्ही वेळी ते कोट्यवधी प्रेक्षकांच्या मनातलेच बोलले. मात्र त्यातून जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्याच्या हातात अलौकिक फटके आहेत आणि ते आवरण्याची ज्याला फारशी इच्छा नाही, अशा फलंदाजाला कसोटी क्रिकेटमध्ये टिकाऊ थोरवी लाभू शकते का? की तो केवळ आठवणींचा मानकरी ठरतो आणि इतिहासाची पाने संयमी फलंदाजांच्या नावावर होतात?

या प्रश्नाचा विचार करताना न्यायाचा तराजू मुळातच थोडा कललेला असतो, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. बचावात्मक खेळणारा फलंदाज बाद झाला की श्रेय गोलंदाजाला मिळते. आक्रमक फलंदाज बाद झाला की दोष त्याच्या स्वतःच्या माथी येतो. बाहेर जाणाऱ्या चेंडूला हळूच बॅट लावून स्लिपमध्ये झेल देणे ही देखील चूकच. पण ती सभ्य चूक मानली जाते. सरकारी कारभारात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रकार परिचयाचा आहे. नियमावर बोट ठेवून काम करणाऱ्याची चूक फायलीच्या थरांत दडून जाते. विवेकाधिकार वापरून निर्णय घेणाऱ्याची चूक मात्र त्याच्या सहीनिशी सर्वांसमोर येते. आक्रमक फलंदाजाच्या प्रत्येक अपयशावर अशी त्याची सही असते.

गंमत अशी की भारतीय क्रिकेटच्या मान्यतेचा पायाच एका घणाघाती खेळीने घातला. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. पाहुण्यांना सन्मानाने तोंड देता आले तरी पुरे, अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना नायडूंनी पाहुण्यांवर चाल करून जाताना पाहिले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा कर्णधार नायडूच होते. त्या वेळी त्यांचे वय ३६ होते. त्यांच्या नावावर केवळ ७ कसोटी सामने, ३५० धावा आणि २५ ची सरासरी आहे. एकही शतक नाही. निव्वळ आकड्यांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला त्यांच्या थोरवीचा पत्ताच लागणार नाही.

नायडूंचे इंदूरचे शिष्य मुश्ताक अली यांची कहाणी याच वाटेने जाते. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय हा मान मिळवला. विजय मर्चंट यांच्यासोबत त्यांनी २०३ धावांची सलामी दिली. मर्चंट १० कसोटी खेळले आणि त्यांची सरासरी ४७.७२ राहिली. मुश्ताक ११ कसोटी खेळले आणि त्यांची सरासरी ३२.२१ राहिली. असे असूनही १९४५ मध्ये कोलकात्यात संघातून ज्यांना वगळल्यावर लोक निदर्शनांसाठी एकवटले, ते मुश्ताक होते. ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ ही ती प्रसिद्ध घोषणा. मर्चंट यांना लोकांनी आदर दिला; मुश्ताक यांना त्यांनी आपले मानले. पुढच्या पिढीत, प्रेक्षकांच्या मागणीनुसार षटकार मारणारे अशी ख्याती असलेल्या सलीम दुराणी यांच्या वाट्याला असेच प्रेम आले. त्यांच्या २९ कसोटींत मात्र शतक एकच आहे. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सर्वाधिक ३८ धावा करणारे कृष्णम्माचारी श्रीकांत हे त्यांचेच वारसदार. कसोटीतील त्यांची सरासरी तिशीला टेकून थांबली.

म्हणजे नायडूंपासून श्रीकांत यांच्यापर्यंतच्या अर्धशतकाचा निष्कर्ष स्पष्ट दिसतो: आक्रमकाला प्रेम मिळते, थोरवी मिळत नाही. पण हा निष्कर्ष पुरा नाही. या खेळाडूंना किती संधी मिळाली आणि त्यांच्या चुकांकडे व्यवस्थेने कोणत्या नजरेने पाहिले, हेही तपासायला हवे. त्यासाठी डिसेंबर १९८४ मधील दिल्लीच्या कसोटीकडे वळू. इंग्लंडविरुद्ध अनिर्णित राहू शकणारा तो सामना भारताने ८ गडी राखून गमावला. दुसऱ्या डावात उंच फटके मारण्याच्या नादात बाद झालेल्या कपिल देव आणि संदीप पाटील या दोघांनाही निवड समितीने पुढच्या कसोटीतून वगळले. कपिल लगेच परतले. त्यांच्या १३१ कसोटींच्या कारकिर्दीत चुकलेला तो एकमेव सामना. पाटील मात्र पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत.

संदीप पाटील हे सामान्य फलंदाज नव्हते. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला लेन पॅस्को यांचा चेंडू डोक्यावर आदळल्यानंतर, पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्यांनी १७४ धावा केल्या होत्या. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिस यांच्या एका षटकात त्यांनी सहा चौकार मारले होते. अखेरच्या कसोटीच्या वेळी त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. त्यांच्या खेळात सातत्याचा अभाव होता, हे खरे. परंतु एकाच गुन्ह्यासाठी दोघांना मिळालेल्या शिक्षेत एवढे अंतर पडले, ते कपिल यांच्याकडे गोलंदाजी होती म्हणून. ज्याच्याजवळ केवळ आक्रमक फलंदाजी होती, त्याची वकिली करायला कोणी नव्हते.

वीरेंद्र सेहवागने हे चित्र बदलले. दिल्लीच्या वेशीवरील नजफगढहून आलेल्या या फलंदाजाने नोव्हेंबर २००१ मध्ये ब्लूमफाँटेनला सहाव्या क्रमांकावर येऊन पदार्पणातच शतक केले. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला सलामीला पाठवण्यात आले. नव्या चेंडूसमोर असा फलंदाज टिकेल काय, ही शंका तेव्हा रास्तच होती. तो १०४ कसोटी खेळला आणि त्याने ४९.३४ च्या सरासरीने ८,५८६ धावा केल्या. गावस्करांची सरासरी ५१.१२ आहे. दोघांत दोन धावांचेही अंतर नाही. फरक आहे तो सेहवागच्या शंभर चेंडूंमागे ८२ धावांच्या वेगाचा.

डिसेंबर २००३ मध्ये मेलबर्नला तो १९५ धावांवर असताना षटकाराने द्विशतक गाठायला गेला आणि सीमारेषेजवळ झेल देऊन बसला. भारताचा डाव पुढे ३६६ धावांत आटोपला आणि सामना हातचा गेला. त्याची निर्भर्त्सना झाली नसती तरच नवल. तीनच महिन्यांनी मुलतानला तो २९५ धावांवर होता. सकलैन मुश्ताकला पुढे सरसावून त्याने षटकार मारला आणि भारताचे पहिले कसोटी त्रिशतक पूर्ण केले. धडा न घेतल्याचे हे उदाहरण मानायचे, की स्वतःची पद्धत ओळखल्याचे? सेहवागला उंच फटक्याचे गणित ठाऊक होते. एकदा ते चुकले म्हणून त्याने गणितच सोडून दिले नाही.

त्याच्या आक्रमणामागे विचार होता याचा सर्वांत चांगला पुरावा २००८ हे वर्ष देते. २००७ चे जवळजवळ संपूर्ण वर्ष तो कसोटी संघाबाहेर होता. परतल्यावर ॲडलेडला त्याने दुसऱ्या डावात १५१ धावा करून सामना वाचवला. मार्चमध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ३०४ चेंडूंत ३१९ धावा केल्या. अजंता मेंडिसच्या फिरकीने सारे गोंधळलेले असताना गॉलला संघाच्या ३२९ धावांपैकी त्याच्या एकट्याच्या नाबाद २०१ होत्या. आणि डिसेंबरमध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, चेन्नईला इंग्लंडने ३८७ धावांचे लक्ष्य ठेवले तेव्हा त्याने ६८ चेंडूंत ८३ धावा फटकावल्या. पाचव्या दिवशी सचिन तेंडुलकरने नाबाद १०३ धावांनी विजयावर शिक्कामोर्तब केले; परंतु तो विजय शक्य आहे असा विश्वास आदल्या संध्याकाळी सेहवागने निर्माण केला होता. एका वर्षात कधी सामना वाचवणे, कधी फिरकी निष्प्रभ करणे, कधी अशक्य लक्ष्याला शक्यतेच्या टप्प्यात आणणे, हे केवळ लहरीच्या जोरावर साधत नाही.

तरीही सेहवागच्या थोरवीला एक बाजू उणी आहे, हे नोंदवायलाच हवे. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड या तिन्ही देशांत त्याची सरासरी तिशीच्या खाली राहिली. २०११ मध्ये बर्मिंगहॅमला तो दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. चेंडू हवेत आणि खेळपट्टीवर वळू लागला की त्याची पद्धत अपुरी पडत असे.

नेमक्या याच ठिकाणी पंतचे प्रकरण रंजक होते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याअखेर त्याच्या नावावर ८ कसोटी शतके होती आणि त्यांतील ६ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेतील होती. जेथे सेहवाग अडखळला, तेथे पंत बहरतो. नव्वदीत बाद होण्याची वेळ त्याच्यावर सात वेळा आली. त्यांतील निम्म्या वेळा जरी त्याने आठ-दहा धावा एकेरीने गोळा केल्या असत्या, तरी आकड्यांचे चित्र निराळे दिसले असते. पण त्याची सर्वांत मोलाची खेळी शतकाची नाहीच. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ३२८ धावांचा पाठलाग करताना त्याने केलेल्या नाबाद ८९ धावांनी, १९८८ पासून त्या मैदानावर अपराजित असलेल्या ऑस्ट्रेलियाला नमवले.

त्याला कोणी समजावू शकत नाही, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला पुढे सरसावून कागिसो रबाडाला मारण्याच्या नादात तो शून्यावर बाद झाला. फटक्यांच्या निवडीबाबत त्याच्याशी बोलणे होईल, असे प्रशिक्षक राहुल द्रविड यांनी जाहीरपणे सांगितले. पुढच्याच आठवड्यात केपटाऊनला भारताच्या १९८ धावांत पंतच्या नाबाद १०० होत्या. त्यानंतरची सर्वोच्च धावसंख्या होती २९. मेलबर्नच्या त्या फटक्यानंतर दुसऱ्या डावात त्याने १०४ चेंडू खेळून ३० धावा केल्या. त्यापुढच्या सिडनी कसोटीत पहिल्या डावात अंगावर चेंडू झेलत ९८ चेंडूंत ४० आणि दुसऱ्या डावात ३३ चेंडूंत ६१. दोन्ही रीती त्याला येतात. कोणती केव्हा वापरायची, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न गावस्करांना कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यावर त्यांनी स्वतः ठरवून हल्ला चढवला होता, ९४ चेंडूंत शतक पूर्ण केले होते आणि डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी साधली होती. आक्रमण हा स्वभाव असतो तोवर तो चाहत्यांना रिझवतो. तो निर्णय झाला की सामन्याची दिशा बदलतो. अशा निर्णयांची मालिका दहा-बारा वर्षे, वेगवेगळ्या देशांत आणि प्रतिकूल परिस्थितीत उभी राहिली, तर त्यालाच टिकाऊ थोरवी म्हणावे लागेल. नायडू आणि मुश्ताक यांना तेवढे सामनेच मिळाले नाहीत. पाटील यांना तेवढा अवधी मिळाला नाही. सेहवागला दोन्ही मिळाले आणि त्याने त्यांचे सोने केले.

म्हणून पंतला ‘जरा सांभाळून खेळ’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याला विचारायचे ते एवढेच, की हाच फटका, याच गोलंदाजाला, याच वेळी का? उत्तर देता येत असेल तर झेल गेला तरी तो दोष नाही. उत्तर नसेल तर षटकार गेला तरी तो गुण नाही. आणि निवड समितीची जबाबदारी ही, की एका फटक्याच्या रागात १९८४ ची पुनरावृत्ती होऊ नये.

डिसेंबर २०२२ मध्ये रुडकीजवळच्या भीषण मोटार अपघातातून हा मुलगा वाचला, चौदा महिने मैदानापासून दूर राहिला आणि परतल्यावर पहिल्याच कसोटीत त्याने शतक केले. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला रिव्हर्स स्वीपच्या प्रयत्नात त्याच्या पायाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन त्याने अर्धशतक पूर्ण केले. धैर्य आणि प्रतिभा या दोन्ही कसोट्या त्याने पार केल्या आहेत. सेहवागने दुसरे त्रिशतक केले तेव्हा तो २९ वर्षांचा होता. लीड्सला दोन शतके केली तेव्हा पंत २७ वर्षांचा होता. निकाल लिहिण्याची घाई आपण करू नये.