पाठ टेकण्यापुरती जागा : धाराशिव, रात्रीची गाडी आणि कुटुंब

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगितला जातो तो घाट, पूल, बोगदे आणि इंजिने यांच्या अंगाने. गाडीत बसलेल्या माणसाला झोप कशी लागत होती, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. तो किरकोळ वाटतो, पण तसा नाही. धाराशिव जिल्ह्यापासून पुणे-मुंबई बरोबर एका रात्रीच्या अंतरावर आहे. शिक्षण, नोकरी, दवाखाना, लग्नकार्य, बाळंतपण आणि दिवाळी या सगळ्यांसाठी ही रात्र ओलांडावी लागते, आणि ती एकट्याने नव्हे, तर म्हातारी माणसे, लेकरे आणि बोचकी घेऊन. अशा रात्री सगळ्या घराला पाठ टेकायला जागा मिळणे ही गोष्ट आपोआप आलेली नाही. ती रुळांच्या रुंदीतून, एका मंत्र्याच्या निर्णयातून आणि आरक्षणाच्या नियमांतून हळूहळू आली, आणि आता तिच्यात पुन्हा अडचणी उभ्या राहत आहेत. या लेखात त्या जागेचा माग घ्यायचा आहे.

सुरुवात बार्शी लाईटपासून करावी लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही खासगी कंपनीची अरुंद रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती निजामाच्या मुलखात शिरली आणि येडशी, ढोकी या बाजूने १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट होते, तर कुर्डुवाडीवरून मुंबई-मद्रास जाणाऱ्या मोठ्या लाइनचे साडेपाच फूट. धाराशिव शहर मात्र या मार्गापासून बाजूला राहिले. जिल्ह्याचे ठिकाण असूनही शहरवासीयांना गाडी धरायला येडशी गाठावी लागे.

अडीच आणि साडेपाच या दोन आकड्यांत प्रवाशांच्या झोपेचा निकाल लागलेला होता. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे लातूर-येडशीकडून मुंबईला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला कुर्डुवाडीला उतरावेच लागे. वळकट्या उतरवायच्या, झोपलेली पोरे उठवायची, फलाट बदलायचा आणि मोठ्या गाडीची वाट पाहायची. सलग झोप या मार्गावर शक्यच नव्हती.

बरे, मोठ्या गाडीत तरी काय होते? त्या काळच्या तिसऱ्या वर्गाचे वर्णन आपल्याला थेट गांधीजींकडून मिळते. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला गेले, ते पुणे-सोलापूर-रायचूर याच मार्गाने, म्हणजे कुर्डुवाडीवरूनच. त्याच महिन्यात लिहिलेल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरील निवेदनात ते सांगतात की डबा बावीस माणसांचा होता आणि तोही फक्त बसण्यापुरता. सुरक्षितपणे आडवे होता येईल अशी फळी त्यात नव्हती. दोन रात्रींचा प्रवास आणि बहुतेकांनी बसल्या बसल्या डुलक्या घेतलेल्या. रायचूरनंतर पस्तीसपर्यंत माणसे भरली, काही खालच्या घाणीत आडवी झाली, काही उभीच राहिली. गांधीजींच्या निवेदनात गर्दी आणि घाण तर आहेच, पण तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला रात्री अंग टाकता येत नाही, ही त्यातली तक्रार आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गातही झोपायचे डबे आले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावानिशी बंद झाला. पण सामान्य माणसाच्या पाठीखाली असायची ती लाकडाची फळीच. ती बदलण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. १९७७ च्या जनता सरकारात रेल्वेमंत्री झालेले प्रा. मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये फळीवर दोन इंच फोमची गादी घालायचा निर्णय घेतला. वरच्या वर्गाची चैन कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाची सोय वाढवावी, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. दोन इंच ही फार मोठी जाडी नव्हे. परंतु कंबर धरलेल्या आजीला आणि पोटुशी बाईला रातभराच्या प्रवासात त्या दोन इंचांनी जो फरक पडला, तो कुठल्याही अहवालात मोजला गेलेला नाही.

धाराशिवच्या वाट्याला ही गादी यायला आणखी तीस वर्षे लागली. बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली, पण रूळ अरुंदच राहिले. दरम्यान जिल्ह्याची रात्र एसटीने वाहिली. पुण्याची रातराणी, खिडकीच्या गजाला टेकलेले डोके, मांडीवर पोर आणि पायाशी पिशवी, हा दोन-तीन पिढ्यांचा अनुभव. एसटी दारात येते, वेळेला हात दाखवला तर थांबते, हे तिचे गुण कुणी नाकारणार नाही. मात्र तिच्यात कुटुंब बसून जाते. अखेर रुंदीकरण झाले आणि मार्गाची आखणी बदलून धाराशिव शहराला स्थानक मिळाले. लातूर-धाराशिव टप्पा २००७ मध्ये आणि धाराशिव-कुर्डुवाडी टप्पा २००८ मध्ये खुला झाला. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्रीची धावू लागली आणि कुर्डुवाडीचा उतार संपला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेले घर पहिल्यांदाच सलग आडवे होऊन मुंबईला पोहोचू लागले. २०२५ मध्ये स्थानकाच्या पाटीवर उस्मानाबादऐवजी धाराशिव आले, पण इथल्या प्रवाशाच्या दृष्टीने मोठा बदल २००८ चाच.

या एकाच गाडीच्या दोन दिशा मात्र अगदी वेगळ्या आहेत. मुंबईहून निघताना गाडी रात्री रिकामी लागते. सगळे घर एकत्र चढते, सामान बर्थखाली सारते, साखळी-कुलूप लावते आणि डबे उघडते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे सगळे घरचेच असते. जेवण होते, गप्पा होतात, मग झोप. पहाट होता होता बार्शी येते आणि चूळ भरेपर्यंत धाराशिव. उलट दिशेला गाडी लातूरहून भरून येते आणि धाराशिवला पोहोचते ती रात्र चढल्यावर. दिवे मालवलेले, मधले बर्थ उघडलेले, अनोळखी माणसे गाढ झोपलेली. अशा झोपलेल्या डब्यात, मिनिटा-दोन मिनिटांच्या थांब्यात, म्हातारा-म्हातारी आणि लेकरांसह शिरायचे असते. जेवण घरीच उरकलेले असते, कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा तेवढा पिशवीत. एक जण मोबाइलच्या उजेडात बर्थचे आकडे शोधतो आणि बाकीचे दबक्या आवाजात मागे येतात. मध्यावरच्या स्थानकाचे हे दुखणे आहे. दुसऱ्या कुणाची रात्र सुरू झाल्यावर आपली सुरू होते.

आता बर्थचे गणित पाहू. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात आणि नव्या एलएचबी डब्यात ८०. दोन्हीत एका कप्प्याला आठ. क्रमांकाला आठने भागून बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच तर मधला, तीन किंवा सहा तर वरचा. सात उरले तर बाजूचा खालचा आणि नि:शेष भाग गेला तर बाजूचा वरचा. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडायचा, हा नियम २०१७ पासूनचा. त्याआधी ही वेळ नऊपासून होती. एकाच लाकडी-लोखंडी सांगाड्यावर दिवसा तिघे बसतात आणि रात्री तिघे एकावर एक झोपतात, त्यामुळे एकाची झोप दुसऱ्याची बैठक मोडते. एखाद्याला नऊलाच झोपायचे असते, दुसऱ्याचे जेवण व्हायचे असते, म्हणून घड्याळाला मध्ये पडावे लागते.

सरकारी गणित एवढ्यावर संपते आणि घरचे गणित सुरू होते. गुडघे दुखणाऱ्याला खालचा बर्थ, अंगावर पिणारे मूल असलेल्या आईलाही खालचाच, पोरांना वरचा हवासा, आणि मधला उरेल त्याला. बहुधा तो घरच्या कर्त्या माणसाच्या वाट्याला येतो. हा क्रम घरातल्या मानापानाच्या क्रमाशी जुळत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गाडीत मान गरजेला मिळतो. आणखी एक गोष्ट घडते. ज्या घरांत सून सासऱ्यांसमोर आडवी होत नाही, पाय पसरून बसतही नाही, त्याच घरातली सून रात्री सासऱ्यांच्या समोरच्या बर्थवर, डोक्यावरून चादर ओढून, झोपी जाते. तिला तशी परवानगी कुणी दिलेली नसते. तक्त्यावर तिचे नाव, वय आणि बर्थ क्रमांक छापलेला असतो. घरात जिची झोपायची जागा पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे सरकते, तिच्यासाठी एक रात्र तरी एक जागा तिच्या नावाने ठरते. गाडीने घराची रीत मोडली असे म्हणणे फार होईल, पण काही तासांपुरती ती बाजूला ठेवली जाते, एवढे खरे.

स्लीपरमध्ये रेल्वे अंथरूण देत नाही, ते वातानुकूलित डब्यात मिळते. म्हणून थंडीच्या दिवसांत घरची वाकळ बरोबर येते आणि परक्यांच्या डब्यात एका बर्थवर घराचा वास पसरतो. परक्यांशी देवघेवही ठरलेली. ‘काका, आमची आई वर चढू शकत नाही, तुम्ही वरचा घ्याल का?’ हे वाक्य रोज रात्री शेकडो डब्यांत बोलले जात असेल. बहुतेक वेळा काका उठतात. नियमात न बसणारी ही भलाई गृहीत धरूनच कुटुंबे प्रवासाला निघतात.

ती गृहीत धरावी लागते, कारण नियम कुटुंबाला एकत्र ठेवण्यासाठी केलेले नाहीत. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. आजी-आजोबांना घरच्या सहा जणांच्या तिकिटावर घातले, की तो हक्क जातो आणि सोय जागा असेल तर होते. त्यांचे तिकीट वेगळे काढले, तर खालचा बर्थ मिळू शकतो, पण डबा वेगळा येण्याची भीती. म्हणजे गादी हवी की सोबत, यातले एक घराने निवडायचे. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून थांबली ती पुन्हा सुरू झालेली नाही. २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडे पडते. साहजिकच सहा माणसांचे घर चार बर्थ काढते आणि दोन पोरे कुणाच्या तरी कुशीत झोपतात. आरएसी आले तर बाजूच्या एका बर्थवर दोन माणसे रात्र काढतात, एक बसून आणि एक अर्धा लवंडून.

जागा कमी पडण्याची कारणे आणखीही आहेत. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केले. बीदरच्या लोकांनाही मुंबई गाठायचीच असते, त्यामुळे त्या वादात कुणाला दोषी धरता येत नाही. पण गाडी जितक्या लांबून येईल तितकी ती मधल्या स्थानकावर भरून येते. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. दिवाळीला गावी यायचे तर साधारण दोन महिने आधी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचे, आणि ज्याला सुटी कधी मिळणार हेच ठाऊक नसते त्या बांधकामावरच्या किंवा दुकानातल्या माणसाने तत्काळवर भरवसा ठेवायचा. अनेक गाड्यांत स्लीपरचे डबे कमी करून वातानुकूलित डबे जोडले जात आहेत. २०२१ मध्ये आलेल्या तृतीय श्रेणी इकॉनॉमी डब्यात सुरुवातीला ८३ बर्थ बसवले होते. ज्याला परवडते त्याला ते सुखाचे आहे. ज्या घराला सहा तिकिटांतला फरक जड जातो ते मात्र स्लीपर मिळाला नाही की वरच्या वर्गात जात नाही. ते खाली, जनरलमध्ये जाते, आणि तिथे १९१७ चे निवेदन अजून जुने झालेले नाही.

जिल्ह्यात सध्या दुसऱ्या एका मार्गाची वाट पाहिली जात आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग मंजूर असल्याचे जानेवारी २०१९ मध्ये सोलापुरात जाहीर झाले आणि पुढे कामही सुरू झाले. तुळजापुरात देवीच्या झोपेलाही मोठा मान आहे. नवरात्राआधी आणि दसऱ्यानंतर भवानीची मंचकी निद्रा असते, आणि दसऱ्यानंतरच्या निद्रेसाठी पलंग अहिल्यानगरकडून पायी वाजतगाजत येतो. तो आणणारे आणि नंतर कोजागरीला दर्शनाला लोटणारे भाविक मात्र स्थानकांच्या फलाटांवर, बसस्थानकांच्या पायऱ्यांवर अंग टाकतात. तुळजापूरला रेल्वे आली की धाराशिव हे मधले स्थानक न राहता दोन मार्गांचे जंक्शन होईल.

त्या वेळी उद्घाटन, नाव आणि थांबा यांवर भरपूर बोलले जाईल. जिल्ह्याने त्याबरोबर आणखी काही विचारले पाहिजे. रात्रीच्या गाडीत धाराशिवच्या वाट्याला स्लीपरचे बर्थ किती, आणि म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ घरच्यांच्या सोबतीने मिळण्याचा नियम कधी होणार? दंडवत्यांनी दोन इंचांचा निर्णय घेतला तेव्हा त्यांना कुणी मोर्चा काढून तो मागितला नव्हता. हा मात्र मागावा लागेल.