घोडबंदर की डोंबिवली? लहान मुलांसह घर बदलताना होणारे सात गैरसमज

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. भांडुप-मुलुंडची वन रूम किचन आता पुरत नाही, पुढे सरकायला हवे. पण कुठे? घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलात, की डोंबिवलीत स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जुन्या सोसायटीत? सल्ला द्यायला नातेवाईक, ऑफिसातले सहकारी आणि इस्टेट एजंट तयारच असतात. त्यातला बराचसा सल्ला गावाच्या नावावर बेतलेला असतो. लहान मुलाचे जग मात्र घरापासून फार तर एक किलोमीटर पसरते, आणि निर्णय त्या किलोमीटरवरच व्हायला हवा.

गैरसमज १ : ठाणे जवळ, डोंबिवली लांब.

वस्तुस्थिती : रेल्वेच्या हिशेबात हे खरे आहे. सीएसएमटीपासून ठाणे साधारण ३४ किलोमीटरवर, तर डोंबिवली ४८ च्या आसपास. पण घोडबंदरवर राहणारा माणूस ठाणे स्टेशनात राहत नाही. कासारवडवलीपासून स्टेशन आठ-दहा किलोमीटर आहे आणि सकाळच्या गर्दीत तेवढ्याला पाऊण तास लागला तर नवल नाही. म्हणून मोजायचे ते घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत.

ऑफिस कुठे आहे यावर तर सगळे गणितच फिरते. ऐरोली, घणसोली, वाशीला जाणाऱ्याला ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी मिळते. डोंबिवलीकराला त्यासाठी ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते, नाहीतर शिळफाट्याची कोंडी सोसावी लागते. उलट भायखळा-मस्जिदला जाणाऱ्याला डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल मिळाली, तर बसायला जागा मिळू शकते. गर्दीचा धोकाही हिशेबात धरा. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला. ज्याच्या घरी लहान मूल वाट पाहते, त्याचा प्रवास किती वेळाचा आहे याइतकाच तो किती सुरक्षित आहे हेही महत्त्वाचे.

गैरसमज २ : डोंबिवली म्हणजे प्रदूषण, घोडबंदर म्हणजे येऊरची हवा.

वस्तुस्थिती : डोंबिवली एमआयडीसीचा धोका खरा आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तिथल्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसे दगावली आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. लहान मुलांसाठी एमआयडीसीलगतचे घर मी तरी सुचवणार नाही. पण हे कारखाने पूर्वेच्या एका टोकाला आहेत. पश्चिमेचा खाडीकडचा भाग किंवा स्टेशनजवळच्या जुन्या वस्त्या यांचा अनुभव वेगळा आहे.

घोडबंदरच्या एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे हेही खरेच. पण त्याच रस्त्याने उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर जातात, आणि बांधकामांची धूळ असतेच. जंगलाकडच्या आतल्या गल्लीतले घर आणि हायवेवर तोंड असलेले घर यांचा पत्ता एकच असला, तरी हवा एक नसते. दोन्हीकडे एकदा रात्री दहानंतर जाऊन खिडकी उघडून उभे राहा. वास आणि आवाज त्या वेळी कळतात.

गैरसमज ३ : मेट्रो येतेच आहे, आज थोडा त्रास झाला तरी चालेल.

वस्तुस्थिती : ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये झाले. त्या महिन्यात जन्मलेले मूल पहिलीच्या वयाचे झाले, तेव्हाही त्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नव्हती. मेट्रो होणार नाही असे नव्हे. पण बालपण तिच्यासाठी थांबत नाही. आज जो रस्ता आणि जी गाडी आहे, तिच्यावरच पुढच्या पाच वर्षांचा हिशेब करा. पुढे सोय झाली तर आनंदच आहे.

गैरसमज ४ : मोठ्या संकुलात सगळे असते, बाहेर बघायची गरज नाही.

वस्तुस्थिती : बाग, घसरगुंडी आणि बंद फाटक यांचे मोल लहान मुलांच्या आईवडिलांना सांगायला नको. पण जलतरण तलाव असलेल्या संकुलात पिण्याचे पाणी टँकरने येत असेल, तर त्या सोयीला काय अर्थ? घोडबंदरच्या अनेक संकुलांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. पालिकेचे पाणी दिवसाला किती वेळ येते आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला, हे सोसायटीच्या सचिवांना थेट विचारा.

नवे घर घेत असाल तर दोन कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिला, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. दुसरा, महारेराच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची नोंद. तिथे मंजूर आराखडा आणि ताब्याची तारीख दिसते. माहितीपत्रकातली ‘प्रस्तावित शाळा’ आणि ‘प्रस्तावित उद्यान’ मंजूर आराखड्यात आहेत का, ते तिथे तपासता येते. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार विक्रीकराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

गैरसमज ५ : शाळेजवळ घर घेतले की प्रवेश पक्का, फक्त मुलाखतीची तयारी हवी.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. खासगी शाळेच्या शेजारी राहिल्याने प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही. अंतराला खरे वजन येते ते शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी. या जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. त्यांची सोडत ऑनलाइन निघते आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. भाड्याने राहणाऱ्यांना त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो.

मुलाखतीचे म्हणाल, तर याच कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही. तीन वर्षांच्या मुलाला रंगांची इंग्रजी नावे घोकायला लावण्यापेक्षा शाळेला मान्यता आहे का आणि तिचा ११ अंकी यूडायस क्रमांक कोणता, हे विचारा. शाळेची बस कोणत्या गल्लीपर्यंत येते, हाही प्रश्न त्याच वेळी विचारून घ्या.

गैरसमज ६ : वर्षाच्या मध्येच हललो तर मुलाचे वर्ष फुकट जाते.

वस्तुस्थिती : पहिली ते आठवीपर्यंत कायदा मुलाच्या बाजूने आहे. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. परराज्यातून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. मुलाच्या कानावर ती आधीपासून पडू लागली तर वर्गात त्याला परके वाटणार नाही.

लसीकरणही थांबवायचे कारण नाही. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लशी कोणत्याही सरकारी केंद्रावर मोफत मिळतात. लसीकरणाचे कार्ड मात्र सामानाच्या खोक्यात टाकू नका, पर्समध्ये ठेवा.

गैरसमज ७ : भाड्याने राहणे म्हणजे पैसे पाण्यात, आणि ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचाच आहे, साध्या स्टॅम्पपेपरवर भागेल’ असे कोणी म्हटले तर ठाम नकार द्या.

राहिला भाड्याचा प्रश्न. नव्या वस्तीचा पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही काढल्याशिवाय तिथे वीस वर्षांचे कर्ज काढणे मोठी जोखीम आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. डोंबिवलीजवळून वाहणारी खाडी याच नदीची आहे. कोणती गल्ली तुंबते आणि कोणत्या तळमजल्यात पाणी शिरते, हे जुलैतच कळते. वर्षभराचे भाडे ही त्या माहितीची किंमत आहे, आणि ती रास्त आहे.

मग निवडायचे कसे?

दोन्ही घरांपाशी एकदा कामाच्या दिवशी सकाळी आणि एकदा संध्याकाळी मुलाला घेऊन जा. शाळा, बालरोगतज्ज्ञ, खेळायची जागा आणि गरज पडली तर मुलाला दोन तास सांभाळणारे घर या चारही ठिकाणी पायी जाऊन बघा. रस्ता ओलांडताना मुलाचा हात किती घट्ट धरावा लागतो, ते लक्षात ठेवा. फूटपाथवर बाबागाडी चालते का, तेही बघा.

एवढे करूनही दोन्ही पारडी सारखीच राहिली, तर ज्या घरी मूल झोपायच्या आत आईबाबा दोघेही पोहोचतात ते घर घ्या. त्यासाठी एक खोली कमी मिळाली तरी सौदा तोट्याचा नाही. खोली पुढे वाढवता येईल. या वयातल्या संध्याकाळी नंतर विकत मिळत नाहीत.