उत्तरापूर्वीचा क्षण

एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जे अंतर पडते, ते तान्या स्टिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी, डॅनिश, लाओ आदी १० भाषांतील प्रश्नोत्तरांवरून मोजले, तेव्हा ते सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा, भरले. जपानी भाषक सर्वांत तत्पर, डॅनिश सर्वांत सावकाश, तरी दोहोंतील तफावत अर्ध्या सेकंदाच्या आतलीच. वस्तुतः दृष्टीस पडलेल्या चित्राचे नुसते नाव उच्चारावयासही सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. अर्थात समोरच्याचे वाक्य पुरे होण्याची वाट न पाहता, त्याचा शेवट अजमावीत, श्रोता आपला जबाब आधीच सिद्ध करू लागलेला असतो. अशा श्रोत्याला निष्क्रिय म्हणणे हा केवढा अन्याय! त्याच अभ्यासात नकार मात्र बहुधा होकारापेक्षा किंचित उशिराच उमटला.