नालबंदाची तारीख

घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. माळावर मोकळं हिंडणाऱ्या जनावराचा तो आपोआप झिजतो, पण नाल ठोकली की झिजणं थांबतं, वाढणं नाही. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नाल उतरवून खूर कापावा लागतो. टाळाटाळ केली तर खुराचं पुढचं टोक लांबतं, पायाचा कोन बिघडतो आणि ताण पायामागच्या कंडरांवर येतो.

मुळशीकडे आमचे तीनच घोडे आहेत. नालबंदाच्या हिशेबात हा अवघड आकडा. पुण्याहून येण्या-जाण्यातच अर्धा दिवस मोडतो, आणि तेवढ्या वेळात रेसच्या तबेल्यात त्याच्यापुढे घोड्यांची रांग लागलेली असते. त्यात पावसाळी हंगाम आटोपला की रेसचे घोडे पुण्याहून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जातात आणि तबेल्यांबरोबर त्यांचे नालबंदही. तेव्हा तारीख मिळवणं सगळ्यात कठीण.

आमच्याकडे येणाऱ्या चाचांना आम्ही फोनवर गळ घालणं सोडलं. शेजारच्या शेतावरची दोन घोडी आणि जवळच्या रायडिंग क्लासची तट्टं एकाच दिवशी धरली, तेव्हा त्यांची फेरी परवडू लागली. पुढची तारीख ते अवजारं आवरण्याआधीच ठरते. पैसे तिथल्या तिथे. पण खरी तयारी घोड्याची. रोज चारही पाय उचलून, खूर खरवडून हातात धरायची सवय लावली नाही, तर कुठलाही नालबंद दुसऱ्यांदा येताना दहा वेळा विचार करील, आणि ते रास्तच आहे. लाथ त्याला बसते.

काम बघण्यासारखं असतं. पुढचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरून चाचा आधी खिळ्यांची वळवलेली टोकं उलगडतात, मग पकडीने नाल टाचेकडून सैल करत आणतात. तळाशी मधला मऊ त्रिकोणी भाग असतो, तो बोटाने दाबून वास घेतात. पावसाळ्यात तिथे काळं, घाण वासाचं कुजणं सुरू होतं. कापून, कानस मारून झाल्यावर एक डोळा मिटून तळ सपाट आहे का ते पाहतात. नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाची करतात. खूर नालेच्या मापाचा कधीच नाही. खिळा ठोकताना ते बोलत नाहीत, कान आवाजाकडे असतो. टणक कवचातून जाणारा खिळा खणखणीत वाजतो. आवाज बसका आला की हात थांबतो, खिळा उपसून जागा बदलली जाते. खिळा जिव्हाळी लागला तर घोडा लंगडणार, पू धरणार. शेवटी घोडा कडक जमिनीवर चालवून पाहिल्याशिवाय ते हात धुवत नाहीत.

यासाठी सपाट, कोरडी, उजेडाची जागा लागते. आम्ही गोठ्याबाहेर फरशी घालून वर पत्रा टाकला.

मधेच नाल सैल झाली तर फोटो पाठवायचा. लोंबणारी नाल घोड्याने स्वतःच तुडवली तर खिळे तळव्यात घुसतात, म्हणून ती सुखरूप उतरवायला चाचांनी आम्हाला शिकवलं आहे. मग खुराला कापड आणि चिकटपट्टी गुंडाळायची, घोडा तबेल्यातच ठेवायचा. ठोकायचं काम मात्र त्यांच्याच हातचं.